झाले नदीकाठचे वैद्यराज

वाचकहो, मुलाकडे किंवा लेकीकडे काही महिन्यांसाठी जर्मनीला जाणारे ज्येष्ठ नागरिक आता आपल्या ओळखीपाळखीत सहज आढळतात. बर्लिन, म्युनिक पाहून होते, ऱ्हाइन नदीतील नौकाविहारही होतो. त्या यादीत सहसा नसलेल्या एका नगरात आज आपल्याला घेऊन जावयाचे आहे. नगराचे नाव हाल्ले. बर्लिनहून वेगवान गाडीने तासाभराहून थोडा अधिक वेळ लागतो आणि लाइपझिगहून जेमतेम अर्धा तास. ज्या नदीच्या काठी ते वसले आहे तिचे नाव मराठी कानाला गमतीचे वाटेल. जर्मन लोक तिला ‘झाले’ म्हणतात.

या नगरात सुमारे तीनशे वर्षांपूर्वी फ्रीडरिश हॉफमन नावाचे एक वैद्य आणि रसायनज्ञ होऊन गेले. त्यांचा जन्म येथे झाला, आयुष्याचा बहुतेक काळ येथेच गेला आणि वयाच्या ८३व्या वर्षी त्यांनी देह ठेवला तोही येथेच. त्यांचे नाव आपल्या ऐकिवात नसेल. परंतु त्यांनी एका हिवाळ्यात दिलेला इशारा आपल्या घरातील न्हाणीघराशी आणि माजघरातील शेगडीशी आजही जोडलेला आहे. म्हणून ही यात्रा केवळ प्रेक्षणीय स्थळांची नाही. घरात वृद्ध माणूस असेल, किंवा आपण स्वतःच त्या वयाला पोहोचला असाल, तर हिच्यातून सोबत नेण्याजोगे बरेच काही मिळेल.

मिठाचे गाव

हाल्लेच्या मुख्य चौकात उभे राहिले की पाच उंच मनोरे एकाच नजरेत येतात. चार मनोरे बाजारपेठेतील चर्चचे आणि पाचवा त्याच्यासमोर एकटा उभा असलेला ‘लाल मनोरा’. चौकाच्या मध्यभागी संगीतकार हेंडेल यांचा पुतळा आहे. ते १६८५मध्ये याच नगरात जन्मले. त्यांचे वडील शस्त्रवैद्य होते. चौकातील फरसबंदी जुन्या दगडी गोट्यांची आहे. गुडघे दुखत असतील तर चपटे, मऊ तळव्याचे बूट घालावेत आणि पावलांना घाई करू नये. बाके जागोजागी आहेत; त्यांचा उपयोग करण्यात कमीपणा मानू नये.

चर्चच्या मागील बाजूस उतारावर आणखी एक चौक लागतो. आज तेथे कारंजे आहे. पूर्वी तेथे खाऱ्या पाण्याच्या विहिरी होत्या. जमिनीखालील खारे पाणी उपसून, मोठ्या कढयांत आटवून मीठ काढणे हा या नगराचा शतकानुशतकांचा धंदा. मीठ काढणाऱ्या कामगारांच्या बिरादरीला ‘हालोरेन’ म्हणत. त्यांच्या पोशाखावरील चांदीच्या गोल गुंड्यांच्या आकाराची चॉकलेटे आजही येथे विकली जातात. मधुमेह असल्यास ती नातवंडांच्या हवाली करून वास घेण्यावर समाधान मानावे!

पाणी कढत आहे, वाफ उठत आहे, तळाशी शुभ्र क्षार साचत आहेत, असे दृश्य ज्या गावात पिढ्यान्‌पिढ्या डोळ्यांसमोर होते, त्या गावात १९ फेब्रुवारी १६६० रोजी फ्रीडरिश हॉफमन यांचा जन्म झाला. पाण्यात काय विरघळले आहे, हवेत काय मिसळले आहे आणि त्यांचा शरीरावर कोणता परिणाम होतो, हे पाहण्यात पुढे त्यांचे आयुष्य गेले.

पोरका विद्यार्थी, पहिला प्राध्यापक

हॉफमन यांचे वडीलही वैद्यच होते. परंतु मुलगा पंधरा वर्षांचा असताना आलेल्या साथीत आईवडील दोघेही गेले. वैद्याच्या घरातच मृत्यू शिरला आणि वैद्यकी काही करू शकली नाही, हा अनुभव त्या वयात कसा झिरपला असेल याची कल्पना आपण करू शकतो. मुलाने मात्र तोच व्यवसाय निवडला. झाले नदीच्या वरच्या अंगाला असलेल्या येना येथील विद्यापीठात ते वैद्यक शिकले. रसायनविद्येची व्याख्याने ऐकण्यासाठी मध्येच एर्फुर्टला गेले आणि १६८१मध्ये येना येथे त्यांनी वैद्यकाची पदवी मिळवली. त्यानंतर हॉलंड आणि इंग्लंडचा प्रवास घडला. इंग्लंडमध्ये १६८४च्या सुमारास त्यांची गाठ रॉबर्ट बॉइल यांच्याशी पडली. हवेचा दाब आणि आकारमान यांचा नियम शाळेत शिकताना ज्यांचे नाव आपण घोकले, तेच हे बॉइल. तपासल्याशिवाय मानू नये, ही त्यांची शिस्त तरुण हॉफमन यांना जवळची वाटली यात नवल नाही.

परतल्यावर मिंडेन आणि हाल्बरश्टाट या गावांत त्यांनी काही वर्षे वैद्यकी केली. १६९३मध्ये हाल्ले येथे नवे विद्यापीठ आकाराला येत होते. तेथील वैद्यकाचे पहिले प्राध्यापक म्हणून त्यांना बोलावणे आले. जन्मगावी परतले तेव्हा त्यांचे वय ३३ होते. दुसऱ्या प्राध्यापकाच्या जागेसाठी त्यांनी आपल्याच वयाच्या गेओर्ग एर्न्स्ट श्टाल यांचे नाव सुचवले. हे श्टालही वैद्य आणि रसायनज्ञ होते. ज्वलनाविषयीच्या त्यांच्या सिद्धांताने पुढे जवळजवळ शतकभर रसायनशास्त्रावर राज्य केले. दोघांचे विचार मात्र दोन टोकांना होते. श्टाल म्हणत, शरीर आत्म्याच्या आज्ञेने चालते. हॉफमन म्हणत, शरीर हे यंत्र आहे; त्यातील तंतूंना एक स्वाभाविक ताण असतो, तो वाढला वा घटला की आजार होतो. ढिला पडलेला ताण पूर्ववत करणारी औषधे म्हणजे ‘टॉनिक’ ही कल्पना त्यांच्या मांडणीत ठळकपणे येते. आज दोन्ही सिद्धांत इतिहासजमा झाले आहेत. तरीही रोगाचे कारण शरीरात, अन्नात, पाण्यात, हवेत शोधण्याची हॉफमन यांची सवय टिकून राहिली आणि तीच आपल्या उपयोगाची आहे.

१७०९मध्ये प्रशियाच्या राजाने त्यांना राजवैद्य म्हणून बर्लिनला नेले. दरबारातील हेवेदावे त्यांना मानवले नाहीत. तीन वर्षांनी, १७१२मध्ये, ते आपल्या विद्यार्थ्यांत परत आले. राजधानीतील मानमरातब सोडून मिठाच्या गावी परतणारा हा माणूस त्या वेळी ५२ वर्षांचा होता आणि त्याचे सर्वांत मोठे काम अजून व्हावयाचे होते.

येनाची ती रात्र

त्या कामातील एक प्रकरण समजून घेण्यासाठी आता हाल्लेहून नदीच्या उगमाच्या दिशेने, दक्षिणेकडे जाऊ. आगगाडी नदीच्या सोबतीने जाते. हळूहळू सपाट प्रदेश मागे पडतो, चुनखडीच्या फिकट टेकड्या दोन्ही बाजूंना उभ्या राहतात आणि उन्हाच्या बाजूच्या उतारांवर द्राक्षांचे मळे दिसू लागतात. हे येना. हॉफमन जेथे शिकले ते विद्यापीठ याच गावातले.

१७१५च्या नाताळाच्या आदल्या रात्री येनाजवळच्या एका द्राक्षमळ्यातील छोट्या झोपडीत तीन माणसे जमली होती. एक विद्यार्थी आणि दोन शेतकरी. गुप्तधन मिळावे म्हणून भूतपिशाचांना आवाहन करण्याचा त्यांचा बेत होता. थंडी कडाक्याची होती. ऊब यावी म्हणून त्यांनी एका मातीच्या कुंडीत लाकडी कोळसे पेटवले आणि दार लावून घेतले. दुसऱ्या दिवशी लोक तेथे पोहोचले तेव्हा दोन्ही शेतकरी मरून पडले होते आणि विद्यार्थी बेशुद्ध होता. मृतदेहांजवळ पहारेकरी बसवले गेले. त्यांनाही थंडी वाजली, त्यांनीही कोळसे पेटवले आणि त्यांच्यापैकीही एकाचा जीव गेला.

त्या काळच्या लोकांना निष्कर्ष काढण्यास फारसा वेळ लागला नाही. मंत्रतंत्राचा खेळ, नाताळची पवित्र रात्र, अंगावर मोठी जखम नाही आणि माणसे गतप्राण! सैतानाने त्यांना नेले, असे अनेकांनी ठरवून टाकले. एकदा सैतानाचे नाव घेतले की पुढे शोधण्यासारखे काही उरत नाही.

हॉफमन स्वतः श्रद्धाळू ख्रिस्ती होते. सैतानाचे अस्तित्व त्यांनी नाकारले नव्हते. परंतु १७१६मध्ये हाल्ले येथून प्रसिद्ध झालेल्या एका पुस्तिकेत त्यांनी या प्रकरणाकडे वैद्याच्या नजरेने पाहिले. जागा किती लहान होती, हवा येण्याजाण्यास वाट होती की नाही, आत काय जळत होते? या प्रश्नांतून त्यांनी उत्तर दिले, की जळत्या कोळशाच्या वाफेने ही माणसे दगावली. त्यावर वादही झाला, उलट लिखाणही झाले. सैतानाला दोष देणे अधिक सोपे आणि कदाचित अधिक आकर्षकही होते. हॉफमन मात्र आपल्या कुंडीतील कोळशांना धरून राहिले.

ती ‘वाफ’ नेमकी कोणती, हे त्यांना सांगता येणे शक्य नव्हते. कार्बन मोनॉक्साइड या वायूची खरी ओळख १८००मध्ये विल्यम क्रुइकशँक यांनी पटवली. तो जीव कसा घेतो याचा उलगडा पुढे १९व्या शतकाच्या मध्यास फ्रेंच शास्त्रज्ञ क्लोद बेर्नार यांनी केला. रक्तातील हिमोग्लोबिन प्राणवायू वाहून नेते. हा वायू त्याच हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. प्राणवायूसाठी जागाच उरत नाही. श्वास चालू असतो, छाती वरखाली होत असते, आणि शरीर आतून गुदमरत असते. या वायूला रंग नाही, गंध नाही, डोळे चुरचुरणे नाही. पेटलेल्या निखाऱ्याला धूर नसतो म्हणून आपण त्याला निर्धोक समजतो. फसगत होते ती नेमकी येथेच.

आपल्या घरातील शेगडी

वाचकहो, येनाची झोपडी आपल्यापासून फार दूर नाही. कडाक्याच्या थंडीत खोलीत शेगडी ठेवून दारेखिडक्या लावून घेणे, बाळंतिणीच्या खोलीत शेकासाठी निखारे पेटते ठेवणे, म्हाताऱ्या माणसाच्या पलंगाखाली ऊब म्हणून घमेल्यात विस्तव ठेवणे, हे सारे आपल्या ओळखीचे आहे. त्यामागे माया असते. शहरात शेगडी गेली. परंतु तिच्या जागी बंद न्हाणीघरातील गॅस गिझर आला. गॅस पुरेशा हवेअभावी अर्धवट जळू लागला की तोच वायू तयार होतो. वीज गेल्यावर घरातच चालवलेले जनरेटरही त्याच जातीचे.

ज्येष्ठांच्या बाबतीत धोका दुहेरी असतो. हृदय आणि फुप्फुसे आधीच थकलेली असल्याने थोड्या वायूनेही त्रास होतो, हे एक. दुसरे असे, की सुरुवातीची लक्षणे वयाच्या खात्यावर सहज लिहिली जातात. डोके जड होणे, घेरी, मळमळ, अंगातील शक्ती गेल्यासारखे वाटणे, गोंधळल्यासारखे बोलणे, गुंगी येणे. यांतील कोणतेही लक्षण घरातील आजीला किंवा आजोबांना झाले, तर आपण चटकन काय म्हणतो? “वय झाले आता.” १७१५मध्ये ‘सैतान’ या शब्दाने जे काम केले, ते आपल्या घरांत कधी कधी ‘वय’ हा शब्द करतो. उत्तर सापडल्याचे समाधान मिळते आणि शोध थांबतो.

म्हणून काही साध्या गोष्टी लक्षात ठेवाव्यात. झोपण्याच्या खोलीत कोळशाची शेगडी मुळीच ठेवू नये. खिडकीची फट उघडी ठेवली म्हणजे भागले, अशीही समजूत नको. ऊब हवी असेल तर कपड्यांचे दोन-तीन थर, कानटोपी, पायमोजे आणि कोमट पाण्याची, नीट बूच लावलेली व फडक्यात गुंडाळलेली पिशवी पुरे. गॅस गिझर न्हाणीघराच्या बाहेर, मोकळ्या हवेत बसवावा आणि जाणकाराकडून त्याची नियमित तपासणी करून घ्यावी. वृद्ध माणूस आंघोळीला गेले असेल तर आतून कडी न लावण्याची सवय घरात रुजवावी आणि अधूनमधून हाक मारावी. घरातील दोन-तीन माणसांचे डोके एकाच वेळी दुखू लागले आणि बाहेर पडल्यावर बरे वाटले, तर ते लक्षण हवेकडे बोट दाखवते. कार्बन मोनॉक्साइड ओळखणारी छोटी यंत्रे मिळतात. ज्या घरात गॅसवर पाणी तापते तेथे ती उपयोगी ठरतात.

कोणी बेशुद्ध आढळले, तर आधी आपला श्वास सांभाळावा. येनाच्या पहारेकऱ्यांची गोष्ट याचसाठी लक्षात ठेवण्याजोगी आहे. दारेखिडक्या उघडाव्यात, गॅस बंद करावा, माणसाला मोकळ्या हवेत आणावे आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. बोटाला लावावयाच्या ऑक्सिमीटरवर आकडा चांगला दिसतो म्हणून निर्धास्त राहू नये. या विषबाधेत ते साधे यंत्र फसते आणि प्राणवायू पुरेसा असल्याचे दाखवते. बंद खोलीत काय जळत होते, हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे. ते एक वाक्य निदानाची दिशा बदलू शकते.

लाउखश्टेटचे पाणी

येनाहून परतताना हाल्लेच्या नैर्ऋत्येस पंधरा-वीस किलोमीटरवर बाड लाउखश्टेट हे टुमदार गाव लागते. हवेचा विचार करणाऱ्या या वैद्याने पाण्याचा विचार कसा केला, ते येथे दिसते. अठराव्या शतकाच्या आरंभी येथील झऱ्याच्या पाण्याचे औषधी गुण हॉफमन यांनी लोकांसमोर मांडले. मग येथे स्नानासाठी आणि पाणी पिण्यासाठी लोक येऊ लागले, बागा झाल्या, झाडांच्या रांगा लागल्या, मंडप उभे राहिले. पुढे कवी ग्यॉटे यांच्या पुढाकाराने १८०२मध्ये येथे नाट्यगृह उघडले. ते आजही पाहता येते. सपाट वाटा, सावली आणि शांतता यांमुळे ज्येष्ठांसाठी हे ठिकाण फार सोयीचे आहे.

झऱ्यांच्या पाण्याविषयी अद्भुत कथा प्रत्येक देशात असतात. हॉफमन त्यांवर विसंबले नाहीत. पाणी आटवून मागे काय उरते ते पाहावे, त्यात वनस्पतींचे रंग वा इतर द्रव्ये मिसळून काय बदल होतो ते टिपावे, त्यावरून लोह आहे की क्षार आहे ते ठरवावे, अशी त्यांची रीत. चुना आणि मॅग्नेशिया ही दोन वेगळी द्रव्ये आहेत हे ओळखणाऱ्या पहिल्या काही रसायनज्ञांत त्यांची गणना होते. बोहेमियातील सेडलिट्झ येथील कडू, रेचक पाण्याची कीर्ती त्यांच्या लेखनाने पसरली. आपल्यापैकी काहींना लहानपणी पोट साफ होण्यासाठी दिलेली फसफसणारी ‘सेडलिट्झ पावडर’ आठवत असेल. तिचे नाव त्याच गावावरून आले. घटक मात्र निराळे होते.

त्यांच्या नावाचे एक औषधही युरोपभर घरोघरी पोहोचले. ‘हॉफमनचे थेंब’ म्हणजे तीन भाग मद्यार्क आणि एक भाग ईथर. घेरी, कळा, जीव घाबरणे यांवर ते साखरेवर टाकून घेत. आज ते घरी करण्याचा वा घेण्याचा विचारही करू नये. ईथर अत्यंत ज्वालाग्राही असते, आणि जीव घाबरणे हे हृदयविकाराचेही लक्षण असू शकते.

सात नियम

आता आपण पुन्हा हाल्लेत येऊन नदीकाठच्या एखाद्या बाकावर विसावू. हॉफमन यांनी विद्वानांसाठी लॅटिनमध्ये अनेक खंडांचा वैद्यकग्रंथ लिहिला. तो १७१८ ते १७४० या काळात, म्हणजे त्यांच्या वयाच्या ऐंशीपर्यंत, खंडशः प्रसिद्ध होत राहिला. पण सामान्य माणसासाठी त्यांनी आपल्या भाषेत, जर्मनमध्येही आरोग्याचे मार्गदर्शन लिहिले. त्याचे सार सात नियमांत सांगितले जाते.

पहिला नियम, कोणत्याही गोष्टीचा अतिरेक टाळावा. ‘अति तेथे माती’ असे आपण म्हणतो, तेच हे. दुसरा, सवयी एकाएकी बदलू नयेत, कारण सवय ही दुसरी प्रकृतीच असते. तिसरा, मन प्रसन्न आणि शांत ठेवावे. चौथा, शुद्ध, सम हवेत राहावे. पाचवा, पचनास हलके, चांगले अन्न निवडावे. सहावा, आहार आणि हालचाल यांचे प्रमाण जुळवावे. आणि सातवा ऐकून आपण हसाल. हा नामांकित वैद्य सांगतो, की प्रकृतीची काळजी असेल तर वैद्यांपासून आणि औषधांपासून दूर राहावे!

दिनचर्या आणि मिताहार यांचे संस्कार असलेल्या आपल्याला पहिले सहा नियम घरचेच वाटतील. दुसऱ्या नियमाकडे काळजीवाहकांनी थोडे अधिक लक्ष द्यावे. आईवडिलांना गावाहून शहरात आणताना त्यांची जेवणाची वेळ, झोपण्याची जागा, देवपूजा, शेजाऱ्यांशी दोन शब्द बोलण्याचा प्रहर, हे सारे एका दिवसात बदलते. नंतर ते अबोल होतात, रात्री गोंधळतात आणि आपण पुन्हा वयाला दोष देतो. जुन्या खोलीतील एखादी खुर्ची, उशाशी तोच तांब्या, संध्याकाळचा तोच चहा, एवढ्यानेही पुष्कळ फरक पडू शकतो.

सातव्या नियमाचा अर्थ मात्र जपून घ्यावा. ज्या काळात रक्त काढणे आणि जहाल रेचक देणे हे उपचार सर्रास होते, त्या काळात तो सांगितला गेला. आज रक्तदाबाची, मधुमेहाची वा हृदयविकाराची गोळी मनाने बंद करणे हे स्वतःशी वैर आहे. परंतु वेगवेगळ्या डॉक्टरांनी वेगवेगळ्या वेळी दिलेल्या, शेजाऱ्यांनी सुचवलेल्या आणि दुकानातून परस्पर आणलेल्या गोळ्यांचा डबा भरून वाहत असेल, तर तो डबा जसाच्या तसा उचलून आपल्या नेहमीच्या डॉक्टरांसमोर ठेवावा आणि विचारावे, “यातील कोणती अजून लागते?” वृद्धापकाळी येणारी घेरी, झोपाळूपणा आणि तोल जाणे यांमागे कधी कधी हा डबाच असतो. हॉफमन यांच्या सातव्या नियमाचा आजचा उपयोग एवढाच आणि तो काही लहान नाही.

हाल्लेहून तंजावरकडे

हाल्ले सोडण्यापूर्वी जुन्या वेशीच्या दक्षिणेस असलेल्या फ्रांके संस्थेच्या आवारात डोकवावे. लाकडी चौकटींच्या लांबलचक इमारतींची रांग पाहून डोळे निवतात. आउगुस्ट हेरमान फ्रांके यांनी सतराव्या शतकाच्या अखेरीस येथे अनाथाश्रम आणि शाळा सुरू केल्या. आश्रमाचे स्वतःचे औषधालय होते आणि त्याची औषधे दूरदूर जात. ती दक्षिण भारतातील तरंगमबाडी येथेही जात, कारण १७०६पासून हाल्लेशी संबंधित जर्मन मिशनरी तेथे राहत होते. त्या वेळी तंजावरच्या गादीवर भोसले घराण्याचे राज्य होते. याच हाल्लेत शिकलेले क्रिश्चन फ्रीडरिश श्वार्ट्झ १७५०मध्ये भारतात आले आणि पुढे तंजावरचे सरफोजीराजे लहान असताना त्यांचे पालक व शिक्षक झाले. सरफोजीराजांनी धन्वंतरी महालात देशी आणि पाश्चात्त्य वैद्यकाचा एकत्र अभ्यास करविला, नेत्ररुग्णांच्या नोंदी ठेवविल्या. हॉफमन यांच्यापर्यंत त्याची सरळ रेषा ओढणे योग्य नव्हे. तरी रुग्णाकडे नीट पाहावे आणि दिसेल ते लिहून ठेवावे, ही वृत्ती झाले नदीच्या काठी जशी रुजली तशीच कावेरीच्या मुलुखातील मराठी राजवाड्यातही रुजली, हे पाहून मराठी वाचकाला आनंद वाटल्याशिवाय राहत नाही.

शोध थांबवू नये

१२ नोव्हेंबर १७४२ रोजी हॉफमन यांचे हाल्ले येथे निधन झाले. साथीने पंधराव्या वर्षी पोरका केलेला मुलगा ८२ वर्षे पूर्ण करून गेला. त्यांचे यंत्रवत शरीराचे शास्त्र मागे पडले, त्यांचे थेंब औषधालयांच्या फळ्यांवरून उतरले. येनाच्या झोपडीतील मृत्यूंचे त्यांनी सांगितलेले कारण मात्र खरे ठरले.

आपल्या घरातील ज्येष्ठ माणूस एखाद्या सकाळी म्हणाले, “आज जरा बरे वाटत नाही,” तर ‘वय झाले’ हे उत्तर ओठांवर येण्याआधी चार प्रश्न विचारावेत. रात्री खोलीत काही जळत होते का? हवा खेळती होती का? कोणती गोळी नव्याने सुरू झाली? कोणती सवय एकाएकी मोडली? आणि आपण स्वतःच ते ज्येष्ठ असाल, तर हे चार प्रश्न विचारले जावेत असा आग्रह धरावा. उत्तर प्रत्येक वेळी सापडेलच असे नाही; तसे झाले तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे. वय होतेच, ते कोणाला चुकले नाही. पण प्रत्येक दुखण्याला तेच एक नाव देऊन स्वस्थ बसू नये. आणि हो, आज रात्री झोपण्यापूर्वी खिडकी थोडी उघडी आहे ना, तेवढे पाहून घ्यावे.